म्हाताऱ्यासाठी जुनी गाडी

रिक्षावाल्याने आमाला आगाशीच्या बाजाराच्या अलीकडे उतरवलं. माझ्या म्हाताऱ्याला ओकारी झाली होती. त्याने तोंड बाहेर काढलं होतं, सीटवर काय पडलं नाय, पन दांड्याला लागलं. रिक्षावाला बोलला, "मावशी, मला अजून धंदा करायचा हाय. दुसरी बघा." पैसे नाय घेतले त्याने. मानूस वाईट नव्हता.

मी नवऱ्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. बाटलीतलं पानी पदराला लावून त्याचं तोंड पुसलं आनि रस्त्याला हात करत उभी राहिली. डायलिसिस करून आलेला मानूस तो. अंगातलं पानी ओढून घेतात, मग मानूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो. रिक्षा यायच्या, हळू व्हायच्या, त्याच्याकडे बघायच्या, निघून जायच्या. तो बोलला, "अगं, बस जरा. येईल एखादी." आपनच धड बसू शकत नव्हता आनि मला बस बोलतो.

त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा मशीनवर घालावं लागतं, आनि ते सेंटर पडलं वसईच्या पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्या बाजूला. आमी अर्नाळ्याचे. एस्टीने जायचं तर मधे बदलावी लागते, आनि त्याला पायरी चढवत नाय. रिक्षा जाताना मिळते, येताना मिळत नाय. मागच्या पावसाळ्यात रस्त्यावर पानी भरलं आनि मशीनची एक पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. आडवा झाला की बुडनाऱ्यासारखा श्वास ओढायचा. डॉक्टरनी मला बाजूला घेतलं. "मावशी, परत चुकवू नका," एवढंच बोलले. पुढचं मी विचारलं नाय, त्यांनी सांगितलं नाय.

त्या पायरीवरून घरी पोचलो तेव्हा मी मुलाला बोलली, गाडी बघ.

मुलगा एका कंपनीचा टेम्पो चालवतो. त्याची पाळी दुपारनंतरची, सकाळ मोकळी. चालवायचा प्रश्न नव्हता. पैसे होते ते होडीचे. म्हाताऱ्याची होडी आमी विकली होती. घेनारा ती न्यायला आला त्या दिवशी म्हातारा किनाऱ्यावर आला नाय, घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ते पैसे बँकेत ठेवले होते आनि त्याला मी हात लावत नव्हती. त्यातच गाडी बसवायची, त्यातच कागद, त्यातच नंतर जे निघेल ते. चुकलो तर दुसरी होडी नव्हती विकायला.

पयली गाडी बघितली जूचंद्रला. मोकळ्या जागेत ओळीने गाड्या लावलेल्या, सगळ्या धुतलेल्या, टायरला काळं लावलेलं. तिथला पोरगा काळा चष्मा घालून आला. "मावशी, ही बघा. एकदम मख्खन. एका डॉक्टरची होती, फक्त रविवारी काढायचा."

मी बोलली, "डॉक्टर आठवडाभर चालत जायचा?"

तो हसला. मी विचारलं, "पान्यात गेली होती का?" आमच्या वसई तालुक्यात हे पयलं विचारायचं. पावसात खालच्या मजल्याच्या गाड्या पान्यात बसतात आनि नंतर पुसून विकतात.

"आईशप्पथ नाही, मावशी. सीट बघा, नवीन आहे."

माझ्या मुलाने सीटकडे बघितलंच नाय. त्याने पुढच्या सीटचा बांधायचा पट्टा धरला आनि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वितीला पट्टा मातीच्या रंगाचा होता. त्याने तो पोराला दाखवला. पोरगा बोलला, "ती धूळ असते." मुलगा बोलला, "धूळ एका रेषेत नसते, भाऊ." आमी निघालो.

मग अजून बघितल्या. एक बरी होती, पन ती घेतली असती तर सगळे पैसे तिलाच गेले असते, आनि टायर तर गुळगुळीत झालेले. एकीचा धूर निळा. एकीचे कागद दुसऱ्या राज्यातले. मुलगा प्रत्येक वेळी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर बोलायचा, आधीच चालू करून ठेवलीय, थंड गाडी कशी उठते ते आपल्याला दाखवायचं नाही यांना. तोपर्यंत म्हाताऱ्याच्या पाळ्या चालूच होत्या. सकाळी त्याला घेऊन रस्त्याला उभं राहायचं आनि आज येताना कोन उतरवेल ते बघायचं.

तेवढ्यात आमच्या नात्यातला एक जन आला. नवऱ्याचा आतेभाऊ, किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला राहतो, मला वयनी बोलतो. त्याच्याकडे पांढरी व्हॅन होती. बाजूचं दार सरकतं, पायरी खाली. म्हातारा सहज आत जाईल अशी. तो नवीन मोठी गाडी घेत होता, ही काढायची होती.

आमी सकाळी सकाळी गेलो. बॉनेट थंड होतं. मुलाने चावी फिरवली, पयल्या झटक्यात उठली. गेर टाकून बघितले, ब्रेक मारून बघितला, चढावर थांबवून परत उचलली. तेलाची पट्टी बघितली. सगळे पट्टे ओढले. माती नाय, काय नाय. मुलाच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी जरा ऊन बघितलं.

मी विचारलं, "भावजी, पान्यात गेली होती का?"

"नाय वयनी."

"ठोकली होती?"

"मागचा बंपर जरा. तो दिसतोच हाय."

"बँकेचं कर्ज?"

"फिटलं. कागद देतो."

भाव त्याने नात्यात लावला तसा लावला, म्हनजे जास्त पन नाय आनि कमी पन नाय. आमच्या आळीत मोठा सौदा झाला की बयाना देतात आनि देनाऱ्याच्या हातात पानाचा विडा ठेवतात. समोर दोन मोठी मानसं बसलेली असतात. विडा घेतला की सौदा बांधला. मग मागे फिरला त्याचा बयाना गेला, आनि बयाना परवडला, कारन पुढे त्याचा शब्द कोन धरत नाय. मी बयाना दिला. विडा घेतला. पदराला बांधला.

तो बोलला, "उद्या दादाची पाळी हाय ना? घेऊन जा गाडी. बाकीचे नंतर द्या." मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा त्या गाडीतून गेला. खिडकीकडे बसला. पाय लांब करून बसला, रिक्षात कधी करता येत नव्हते. जाताना आगाशीतली वाडी बघून बोलला, "यांची केळी बरी झालीत." किती दिवसांनी त्याने रस्त्यावरचं काय बघितलं होतं.

येताना विरारपर्यंत एक गृहस्थ आमच्याबरोबर आले. त्यांची पन तीच पाळी असते, म्हाताऱ्याच्या बाजूच्या खाटेवर असतात. रिटायर मानूस, ऑफिसात होते, फ्लॅटमध्ये राहतात. एकटेच येतात जातात. मी बोलली, चला, जागा हाय. ते मागे बसले. नालासोपाऱ्याच्या पुलावर गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली आनि त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला.

मी ते बघितलं. जन्मभर बघत आली. मच्छीची टोपली घेऊन एस्टीत चढली की बायका अशाच पदर लावायच्या. कंडक्टर बोलायचा, मागे जा, मागे जा. टोपली नसली तरी बोलायचा. मला वाटलं, हा मानूस इतके दिवस शेजारी पडलेला असतो, माझ्या डब्यातली भाकर खाल्लीय याने, आनि आता माझ्याच गाडीत बसून रुमाल लावतो.

मी बोलली, "साहेब, वास येतो ना. उतरायचं असेल तर उतरा. रिक्षा मिळतील इथे."

मुलगा आरशातून बोलला, "आई, बस ना."

"का? मच्छीवाल्यांचा वास येनारच. आमी काय लपवलंय?"

त्या गृहस्थांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला. डायलिसिसनंतर बोलायला पन ताकद लागते. मग बोलले, "ताई, तुमच्या शेजारी मी इतके दिवस असतो. तुमचा मला कधी वास आला नाही. हा तुमचा नाही. गाडीचा आहे. खालून येतोय, कुजल्यासारखा. या गाडीतून मासळी नेत होते का?"

मी नाक वर करून श्वास ओढला. मला तर कसलाच वास येत नव्हता. मुलाला येत नव्हता. म्हाताऱ्याला येत नव्हता. आमाला कसा येईल? तो आमच्या घराचा वास, उशीचा, कपाटाचा. त्यांना विरारला सोडलं. उतरताना ते बोलले, "राग धरू नका." मी धरला होता. बोळींज येईपर्यंत धरला होता.

मग काय वाटलं कोन जाने, मी वाकली आनि म्हाताऱ्याच्या पायाखालची रबराची चटई उचलली. तिच्याखाली एक जाड गालिचा चिकटवलेला. त्याचं टोक धरून ओढलं. हाताला ओल लागली. चिकट. गालिच्याच्या पाठीला मीठ फुललेलं, पांढरं. खालच्या पत्र्यावर अंगठा टेकवला आनि दाबला. पत्र्याचे पापुद्रे आले हातात. अजून दाबला असता तर अंगठा रस्त्यावर निघाला असता.

म्हातारा वरून बघत होता. त्याने हळूच पाय उचलून बाजूला घेतले.

मुलाला मी घरी पोचेपर्यंत सांगितलं नाय. गाडी चालवत होता.

त्याच संध्याकाळी मुलाने कामावर सुट्टी टाकली आनि आमी दोघं त्या भावजीकडे गेलो. तो अंगनात बर्फाच्या पेट्या धूत होता. मी विचारलं, "भावजी, या गाडीत काय भरत होता?"

"मच्छी. दुसरं काय भरनार?"

"किती वर्षं?"

"घेतली तेव्हापासून. मागची सीट काढून ठेवायचो, आता परत बसवली."

"बर्फाचं पानी सगळं खाली जात होतं. खालचा पत्रा खाल्लाय मिठाने. माझ्या नवऱ्याच्या पायाखाली भोक पडायचं बाकी हाय."

तो उभा राहिला, हात झटकले. "वयनी, मी खोटं बोललो का? तू विचारलंस पान्यात गेली का, मी नाय बोललो. नाय गेली. तू विचारलंस ठोकली का, मी सांगितलं. मच्छी भरत होता का हे तू विचारलंस?"

"नाय विचारलं."

"मग? तू अख्खं आयुष्य मच्छी विकलीस. माझा धंदा काय, तुला ठाऊक नाय? तुझ्या नाकाला कळलं नाय आनि माझ्यावर कशाला येतेस?"

मुलगा पुढे सरकला. मी त्याचा हात धरला. तो मानूस बोलत होता ते खरं होतं, म्हनून जास्त लागलं. मी पान्याचं विचारलं, ठोकल्याचं विचारलं, कर्जाचं विचारलं. मच्छीचं विचारायचं सुचलंच नाय. आमच्याकडे कोन विचारत नाय, तुझ्या घरात मीठ हाय का म्हनून. तसंच.

"बयाना देशील परत?" मी विचारलं.

"विडा घेतलास ना वयनी. दोन मानसं होती समोर. तू मागे फिरतेस, मी नाय. हवं तर गॅरेजला दाखव. इंजिन काढून दाखव. इंजिन बोलेल तुझ्याशी."

घरी येताना मुलगा बोलला, "सोड आई. बयाना गेला तर गेला. सोड." पन बयाना गेल्यावर जे उरत होतं त्यात ठीक गाडी येत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. आनि परवा परत पाळी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी बोळींजच्या एका गॅरेजला नेली. म्हातारा बोलला, मी पन येतो. नको बोलली तरी आला, पुढच्या सीटवर बसून आला. गॅरेजवाला घाटावरचा, मुलाच्या ओळखीचा. त्याने गालिचा पुरा काढला तेव्हा त्यानेच तोंड फिरवलं. "अरे बापरे, मावशी. हे काय घेतलंत."

गाडी वर उचलली. तो खाली गेला. आमाला नुसते त्याचे पाय दिसत होते. आतून बोलला, "पत्रा गेला. पायाखालचा गेला, मागचा अर्धा गेला."

मुलाने विचारलं, "आणि चॅसी?"

"थांब. आधी चिखल काढतो."

मुलाने मला समजावलं. खाली दोन लांब पट्ट्या असतात, त्यांच्यावर गाडी उभी असते. पत्रा बदलता येतो, पट्ट्या खाल्ल्या असतील तर गाडी भंगारात. मग बयाना गेला, आनि उद्याची पाळी परत रस्त्यावर उभं राहून.

खालून खरवडल्याचा आवाज यायला लागला. मातीची ढेपळं पडत होती, लाल, मिठाने माखलेली. मग हातोडीचा आवाज. ठन. ठन. एका बाजूने पुढून मागे येत गेला. प्रत्येक ठोक्याला मी त्या पायांकडे बघायची. "ही बाजू ठीक," तो बोलला. मग सरकून दुसरीकडे गेला. तिकडे आवाज तसा आला नाय. बसका आला. एक, मग परत एक, तसाच. तो थांबला.

म्हातारा स्टुलावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यावर. त्याच्या हाताला सुईची पट्टी होती, ती तो चोळत होता.

"काय झालं?" मुलगा खाली वाकला.

"थांब रे. इथे काहीतरी चिकटलंय." परत खरवडलं. खूप वेळ खरवडलं. मग एक मोठं ढेकूळ खाली पडलं, माती आनि खवले आनि वाळू, दगडासारखं झालेलं. आनि मग हातोडी बसली. ठन.

तो बाहेर आला, तोंड सगळं लाल. "पट्टी शाबूत आहे. वरवर गंज आहे, घासून रंग मारावा लागेल. पत्रा कापून नवीन टाकावा लागेल, सगळा. इंजिन चांगलं आहे, खोटं नाही बोलणार. पण मी असतो तर विचार केला असता."

मुलगा बोलला, "बघ आई, तो पण नको बोलतोय."

"तो नको नाय बोलला," म्हातारा बोलला. गॅरेजला आल्यापासून पयलंच बोलला. "होडीची फळी कुजली की आपन होडी जाळतो का? फळी काढतो. ही उभी हाय ना? मग पत्रा टाकायला सांग."

"बाबा, होडी वेगळी—"

"बसनार कोन हाय तिच्यात? मी. मला चालेल."

मी एकटीच परत भावजीकडे गेली. मुलाला नेला असता तर हात उचलला असता त्याने. मी पदराची गाठ सोडली, विडा काढला. पान सुकलं होतं. तो मी त्याच्या ओट्यावर ठेवला.

"हा घे. बयाना पन ठेव. मी मागे फिरली, सांग सगळ्यांना. कोन विचारेल का फिरली, तर मी काय ते सांगेन. तू पन सांग."

त्याची बायको दारात आली होती. तिने विड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आमच्यात विडा परत ओट्यावर येनं चांगलं नाय समजत. "वयनी, आत या," ती बोलली. मी नाय गेली. उभीच राहिली.

"आत्ता कशाला विडा काढतेस," तो बोलला. आवाज खाली आला होता. "गॅरेजवाला काय बोलला?"

मी सांगितलं. पट्टी शाबूत, पत्रा पुरा नवा.

त्याने बायकोकडे बघितलं. मग बोलला, "पत्र्याचं मी देतो. मजुरी तू दे."

"दोन्ही तू दे. घासायचं आनि रंगाचं मी देते."

"वयनी, तू बाजारात बसलीयेस का?"

"बाजारातच बसते मी. तुझ्यापेक्षा जुनी."

त्याच्या बायकोला हसू आलं. तो नाय हसला. पन विडा उचलून त्याने माझ्या हातात परत दिला.

गॅरेजवाल्याला सांगितलं, उद्या सकाळी पाळी हाय, आजच व्हायला पायजे. तो बोलला, बघतो. मी तिथेच बसली. वेल्डिंगकडे बघू नका बोलला, म्हनून रस्त्याकडे तोंड करून बसली, आनि मागून आवाज ऐकत राहिली. मधे लाईट गेली. तेव्हा तो चहा प्यायला गेला आनि मी त्या अर्ध्या कापलेल्या गाडीकडे बघितलं. खालची जमीन दिसत होती आरपार. लाईट येईपर्यंत मी दुसरं काय केलं नाय, नुसती त्या तारांकडे बघत बसली. अंधार पडायच्या आत पत्रा बसला. रंग ओलाच होता.

सकाळी म्हाताऱ्याला मी पुढे नाय बसू दिलं. मागे बसवलं आनि त्याच्या शेजारी मी बसली, पाय नव्या पत्र्यावर. प्रत्येक गतिरोधकाला मी खाली कान देत होती. मुलगा हळू चालवत होता, इतका हळू की मागून हॉर्न वाजत होते. पुलावर ट्रॅफिक लागला. गाडी बंद पडली तर, असं मनात आलं. म्हाताऱ्याचे पाय कालपासून सुजायला लागले होते. चपलेचा पट्टा रुतला होता. त्याने डोळे मिटले होते, पन झोपला नव्हता. इंजिनचा आवाज ऐकत होता.

वेळेआधी पोचलो. तो दार सरकवून स्वतः उतरला. नर्सने वजन केलं, बोलली, बाबा, पानी जास्त हाय आज, पन निघेल. खाटेवर घेतला. सुई लागली. नळीत रक्त चढलं आनि मशीन फिरायला लागलं, तेव्हा मी तिथून हलली.

बाहेर येऊन मी गाडीची सगळी दारं उघडून ठेवली, वास जावा म्हनून. मला येत नव्हता, तरी. मग मुलाला विचारलं, पाळी सुटेपर्यंत ही उन्हात कुठे लावता येईल.